ऊर्जा वाचवणारं घर: बेळगावात मुलांना, गवंड्यांना, इंजिनिअरांना शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी?

वेणुग्रामी | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

मी बेळगावात डिप्लोमा सिव्हिलला शिकवतो. आमच्या मुलांना बीमचं डिझाइन येतं, एस्टिमेट काढता येतं, पण नकाशा हातात दिला आणि विचारलं, ‘एप्रिलमध्ये दुपारी चारला यातली कुठली खोली सगळ्यात जास्त तापेल?’ तर वर्ग गप्प. नोकरीला लागलेल्या इंजिनिअरांचीही बहुतेक हीच गत. आणि गवंड्याला तर हे कुणी सांगतच नाही.

नवीन लेआउट बघा. ३० बाय ४० फुटांचा प्लॉट, सेटबॅक (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) जेमतेम, वर उघडी आरसीसी स्लॅब, पश्चिमेला बेडरूम. घरभरणी होऊन पहिला उन्हाळा येतो आणि एसीची चौकशी सुरू होते. ज्या बेळगावला लोक गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे तिथं ही वेळ यावी याचं मला खरंच वाईट वाटतं.

सुट्टीच्या दिवशी एक वर्ग सुरू करायचा विचार आहे. विद्यार्थी, मेस्त्री, छोटे कॉन्ट्रॅक्टर, नवे इंजिनिअर सगळे एकत्र. प्रश्न असे: आधी कुणाला धरायचं? काय शिकवायचं? फळ्यावर की साइटवर? अनुभव असेल तर सविस्तर लिहा.

---

नाना_निपाणीकर | रात्री ९:२५

सर, आधी घरमालकाला धरा. पैसे तो देतो. बाकी सगळे आपोआप मागनं येतात.

---

सई_शहापूर | रात्री १०:०२

नाना, अर्धं पटलं. मी आर्किटेक्ट आहे. मालक येतो तो मोबाइलवर एलिव्हेशनचा फोटो घेऊनच. समोर काच, वर क्लॅडिंग, छज्जे नकोत कारण ‘जुनाट दिसतं’. त्याला नुसतं ‘घर तापेल’ सांगून उपयोग नसतो, दाखवावं लागतं. आणि दाखवायला आधी आपल्याला यायला हवं. म्हणून माझं मत विद्यार्थ्यांपासून सुरू करा, आणि पहिला धडा सूर्याचा.

बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तरेला आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जूनमध्ये तो थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो. डिसेंबरात भर दुपारी दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर. एवढं कळलं की मुलगा स्वतः काढू शकतो: दक्षिणेच्या खिडकीवर २ फुटांचा छज्जा असेल तर डिसेंबरातही दुपारी त्याची सावली जवळजवळ अडीच फूट खाली येते, आणि उन्हाळ्यात तर खिडकी पूर्ण झाकते. तोच छज्जा पश्चिमेला लावला तर चार-पाच वाजता ऊन त्याच्या खालून थेट पलंगावर. तिथं उभे पडदे, जाळी, बाहेरून सावली, नाहीतर झाड हवं. आपल्याकडे मात्र चारी बाजूंना एकच छज्जा, दीड फुटाचा. कारण काय, तर सेंटरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याचं, माप ठरलेलं.

---

मेस्त्री_वडगाव | रात्री १०:४०

सर, आमाला बी बोलवा म्हणालात ते लय बरं वाटलं. पण दोन गोष्टी सांगतो बगा.

एक, हजेरी बुडवून कोण येणार नाही. सुट्टीला बोलवला तर माणूस थकलेला असतोय, बाजार असतोय, गावाकडं जायचं असतंय. शिकवायचं तर चालू कामावर येऊन शिकवा. माल तिथंच असतो, हत्यार तिथंच असतं. अर्धा दिवस कामात धरा आणि त्या अर्ध्या दिवसाची हजेरी मालकानं द्यावी, कारण फायदा त्याच्याच भिंतीला होणार.

दुसरं, आमाला कारण सांगा. नुसतं ‘असं कर’ म्हणू नका. एएसी ब्लॉकचं बगा, ते हलकं सच्छिद्र काँक्रीटचं. विटा जशा भिजवून भिजवून लावतात तसंच ब्लॉक लावतात लोक. मग तो सुकताना आवळतो, गिलाव्याला भेगा, मालक म्हणतो ब्लॉकच वाईट. कंपनीचा माणूस एका साइटवर आला, त्यानं दाखवलं: नुसतं पाणी शिंपडायचं, केमिकलचं मॉर्टर, जोड पातळ. का ते पण सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या टोळीत कुणाला परत सांगायला लागलं नाही.

---

सई_शहापूर | रात्री १०:४८

मेस्त्री, हे सोन्यासारखं लिहिलंत. सर, यांना शिकायला नाही, शिकवायला बोलवा.

---

खानापूरची_कौलं | रविवार, सकाळी ७:३०

मला एका गोष्टीची काळजी वाटते. असा वर्ग सुरू झाला की एकच ठरलेला साचा शिकवला जातो आणि मुलं तो सगळीकडे लावतात. आपला जिल्हा एक नाही. कणकुंबी, जांबोटीकडे पाऊस झोडपून काढतो, भिंत चार महिने सुकत नाही. तिकडे अथणी, रायबागला पाण्याची वाट बघतात. अथणीत जे शहाणपणाचं आहे ते जांबोटीत घर कुजवेल.

आमच्याकडे जुनं घर कसं असतं? जांभ्याची भिंत, उंच जोतं, मंगलोरी कौलं, खाली माळा, आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढं छप्पर बाहेर काढलेलं. पावसाच्या तोंडच्या भिंतीला तट्ट्या बांधायच्या. यातला प्रत्येक भाग ओल आणि उष्णता दोन्हींसाठी आहे. कौल तापतं, पण कौल आणि माळ्याच्या मधली हवा ती उष्णता फटींतून बाहेर सोडते, खाली सोप्यात माणूस बिनपंख्याचा झोपतो. बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांची बांधणी याच विचाराची: उंच कौलारू छप्पर, चहूबाजूंनी व्हरांडा, भिंतीला ऊन लागूच द्यायचं नाही.

खानापूरची माती कौलांना, मडक्यांना चांगली, म्हणून तर केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था खानापुरात आहे. मुलांची एक सहल तिकडे काढा. माल कुठून येतो, भट्टीत किती जळण जातं, हेही ऊर्जेचंच शिक्षण आहे.

---

अथणीवाला | सकाळी ८:१५

कौलंताईंशी शंभर टक्के सहमत, आणि आमच्या बाजूचं सांगतो.

आमच्याकडे माळवद. जाड भिंती, लाकडी तुळ्या, त्यावर फळ्या, वर वीतभर-हातभर मातीचा थर. उजेडाला आणि धुराला छतात सानं, म्हणजे छोटं भोक. बाहेर पारा चाळिशीला टेकला तरी आत आजी गोधडी घेऊन दुपारी झोपायची. आता माळवदाला दर वर्षी माती घालायला माणूस मिळत नाही, लाकूड किडतं, तर लोक पाडतात. पाडलं ते ठीक, पण त्या जागी काय करतात? पाच इंची स्लॅब, नाहीतर सरळ पत्रा. हातभर मातीचं काम पाच इंच काँक्रीट कसं करणार?

सर, तुमच्या मुलांना हे माळवद पाडण्याआधी मोजायला लावा. आत किती, बाहेर किती, दुपारी किती, रात्री किती. दोन-चार वर्षांत मोजायला उरणार नाहीत.

---

हिशेबनीस | सकाळी ९:५०

सगळं छान. पण व्यवहाराचं बोलतो. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज फुकट आहे. फुकट आहे ते वाचवायला कोण पैसे घालेल? मला तरी वाटतं वर्गाला माणसं येणार नाहीत.

---

सई_शहापूर | सकाळी १०:०५

माफ करा, पण मला हे अजिबात पटत नाही. घर थंड असणं म्हणजे फक्त बिल कमी येणं नव्हे. लाइट गेली की तुमचं फुकट युनिट काय कामाचं? दुपारी पत्र्याखाली बाळंतीण असते, म्हातारी माणसं असतात. भिंत आणि छप्पर त्यांना चोवीस तास सांभाळतं.

---

वेणुग्रामी | सकाळी १०:३०

हिशेबनीस, उलट योजनेमुळेच हिशेब सोपा होतो. आधीच्या वापराच्या सरासरीवर थोडी वाढ धरून मर्यादा ठरते, आणि २०० ओलांडले की सगळंच बिल भरावं लागतं. म्हणजे १८०-१९० वर असलेल्या घरानं एक एसी घेतला की गेलं.

हे गणित मुलांकडून करून घेतो. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास: एकीकडे ३.६ युनिट, दुसरीकडे १.४४. महिन्याला ६५ युनिटांचा फरक. आणि हे फक्त पंख्यांचं. आंघोळीच्या पाण्याचं वेगळं: वीस लिटर पाणी २० अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धा युनिट लागतो, म्हणजे पाच माणसांच्या घरात महिन्याला ७० च्या घरात.

---

नाना_निपाणीकर | सकाळी १०:४१

आमच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे. शून्य युनिट! फक्त धूर शेजाऱ्याच्या घरात जातो आणि भांडण आपल्या घरात येतं. 😄

---

प्रश्नचिन्ह_सिव्हिल | दुपारी १२:२०

सर, मी पाचव्या सेमिस्टरला आहे. मित्रांचा पहिला प्रश्न असेल ‘परीक्षेला येतं का?’ आणि दुसरा ‘नोकरी मिळते का?’ मला स्वतःला शिकायचं आहे, पण यू-व्हॅल्यू म्हटलं की सूत्र पाठ होतं आणि डोक्यात काही चित्र उभं राहत नाही. हे खऱ्या घराला कसं लावायचं?

---

वेणुग्रामी | दुपारी १:१५

चांगला प्रश्न. भिंतीतून किंवा छतातून एका चौरस मीटरला, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना किती वॉट उष्णता जाते, तो आकडा म्हणजे यू-व्हॅल्यू. आकडा लहान तेवढं छप्पर चांगलं.

१५० मिलिमीटरची उघडी आरसीसी स्लॅब घे. काँक्रीटची वाहकता आणि आतल्या-बाहेरच्या हवेचा थर धरून गणित केलंस तर उत्तर ३ ते ४ च्या मध्ये येतं. ऊर्जा दक्षता ब्यूरोनं २०१८ ला इको निवास संहिता काढली, तिच्यात छताला कमाल १.२ सांगितलं आहे. म्हणजे आपली नेहमीची स्लॅब मर्यादेच्या तिप्पट. तिच्यावर इंचभर एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा फोमचा बोर्ड) घालून पुन्हा गणित कर: १ च्या आसपास येतं. एका इंचानं! हे स्वतःच्या हातानं काढलेलं उत्तर मुलगा विसरत नाही.

ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींसाठी आहे. आपला ३० बाय ४० चा प्लॉट म्हणजे १११ चौरस मीटर, त्याला ती लागू नाही. पण बेळगाव, निपाणी, चिकोडीत बांधकाम होतं ते याच छोट्या प्लॉटांवर. म्हणून सक्तीची वाट न बघता शिकवायचं.

नोकरीचं म्हणशील तर ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा आहे, हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या आयजीबीसी आणि ‘गृहा’ (GRIHA) यांची प्रशिक्षणं आहेत, आयआयटींच्या एनपीटीईएल संकेतस्थळावर इमारतींतल्या ऊर्जेचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात. सोलर डेकॅथलॉन इंडियामध्ये कॉलेजच्या मुलांचे गट खऱ्या प्रकल्पासाठी नेट-झिरो, म्हणजे वर्षाला वापरेल तेवढी ऊर्जा स्वतः तयार करणारी, इमारत डिझाइन करतात. आपल्याकडच्या मुलांनी उतरावं असं मला फार वाटतं.

---

चिकोडीची_लेक | दुपारी ३:००

मी सध्या जर्मनीत, कामही बांधकामाशी संबंधित. पहिलं पॅसिव्हहाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणारं घर, १९९१ साली डार्मश्टाटला झालं. त्याच्या अटी कडक: वर्षाला चौरस मीटरमागे तापवण्याची गरज १५ किलोवॉट-तास, आणि घराची हवाबंदी तपासायला दारात मोठा पंखा लावून गळती मोजतात. इथं कारागिरी शिकणारा मुलगा आठवड्यातले काही दिवस कंपनीत कामावर आणि काही दिवस शाळेत असतो. मेस्त्री म्हणतात तेच, शिकणं कामावर.

पण हवाबंद घर चिकोडीत शिकवू नका. इथं जर्मनीत थंडी बाहेर ठेवायची असते. आपल्याला संध्याकाळी सुटणारा वारा घरात हवा असतो. घ्यायचं तर मोजायची सवय घ्या. इथं बांधून झालं की मोजतात, आपल्याकडे बांधून झालं की पेढे वाटतात.

---

अथणीवाला | दुपारी ३:१२

पेढे नाही ओ ताई, बेळगावला कुंदा. वर्गालाही कुंदा ठेवा, कॉन्ट्रॅक्टर पळत येतील.

---

खानापूरची_कौलं | दुपारी ४:३०

वाऱ्याचा विषय निघाला म्हणून. आपल्याकडचा मोठा पेच हाच आहे की ऊनही पश्चिमेचं आणि घाटावरनं येणारा गार वाराही पश्चिमेचाच. पश्चिमेची भिंत बंद केली तर वारा गेला, उघडी ठेवली तर ऊन आणि पावसाचा मारा आत. जुन्या लोकांनी पडवी ठेवली. आता सेटबॅकमध्ये पडवी बसत नाही म्हणतात. यावर विद्यार्थ्यांकडून डिझाइन करून घ्या, एका सेमिस्टरचा विषय आहे.

---

नाना_निपाणीकर | संध्याकाळी ५:१०

वास्तुशास्त्राप्रमाणे मास्टर बेडरूम नैऋत्येला. त्याचं काय करायचं? मालक त्यावरून हलत नाही, आणि मीही हलणार नाही, आधीच सांगतो.

---

सई_शहापूर | संध्याकाळी ५:४०

नाना, हलवू नका. नैऋत्येच्या खोलीला दक्षिण आणि पश्चिम अशा दोन भिंतींचं ऊन लागतं आणि त्या भिंती रात्री झोपायच्या वेळी आत उष्णता सोडतात, हे मात्र खरं. मग पश्चिमेच्या भिंतीला आतून पूर्ण लांबीची कपाटं घ्यायची, किंवा तिथं बाथरूम काढायची. नैऋत्य जड ठेवा म्हणतात, तेही होतं आणि पलंगाला झळ लागत नाही. मालकाच्या श्रद्धेशी भांडून आजवर एकही घर थंड झालेलं नाही.

आणि एक विनंती सगळ्यांना. नकाशा ठरताना स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्या बाईला विचारा. माझ्याकडे येणाऱ्या बैठकीत ती बहुतेक वेळा चहा घेऊन येते आणि आत जाते. गॅसची धग, वरून तापलेली स्लॅब, खिडकी एकच आणि तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. लिंटलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीच्या) वरचे व्हेंटिलेटर आपण का काढून टाकले? गरम हवा वरून जाते, तिला वाट तिथंच हवी. सर, वर्गाला बायकांना बोलवाच.

---

प्रश्नचिन्ह_सिव्हिल | संध्याकाळी ६:०५

पटलं. आमच्या घरी तसंच आहे, आईला आज विचारतो.

---

मेस्त्री_वडगाव | रात्री ८:३०

रॅट ट्रॅप भिंतीबद्दल कुणी लिहिलं नाही. आर्किटेक्ट लॉरी बेकर साहेबांनी केरळात लय बांधकाम केलं त्या पद्धतीनं. वीट आडवी न घालता काठावर उभी लावायची, मधी तीन इंच पोकळी राहते. विटा चौथाईनं कमी लागतात, मसाला पण कमी, आणि पोकळीतल्या हवेनं ऊन आत लवकर येत नाही.

लोक म्हणतात पोकळीत विंचू-मुंग्या होतात. जोत्याला, खिडकीच्या खाली आणि लिंटलला भरीव थर द्यायचा, मग वाट राहत नाही. खरी अडचण विटेची आहे. आपल्या भट्टीची वीट एक मोठी एक बारीक, एक वाकडी. उभ्या विटेला माप बरोबर लागतं. वर्गात भट्टीवाल्यांना पण घ्या सर.

---

खानापूरची_कौलं | रात्री ८:५०

मेस्त्री, उत्तम. फक्त आमच्याकडे पावसाच्या तोंडाला ती भिंत बिनगिलाव्याची ठेवू नका. दाबून केलेल्या मातीच्या ब्लॉकांचंही तेच. बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत १९७४ पासून ‘अस्त्र’ गटानं मातीच्या ब्लॉकांवर मोठं काम केलं, त्यात थोडं सिमेंट घालून ते टिकाऊ करतात. पण वर छप्पर बाहेर काढलेलं आणि खाली ओल अडवणारा थर असेल तरच.

---

हिशेबनीस | रात्री ९:२०

वाचत गेलो आणि विचार करतोय. एक विचारतो, हे सगळं सोडून सरळ छतावर सोलर लावलं तर? केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. एसी लावा आणि मजेत राहा.

---

वेणुग्रामी | रात्री ९:४५

लावाच, मी विरोधात नाही. पॅनलच्या सावलीनं स्लॅबही कमी तापते. पण क्रम महत्त्वाचा. आधी घराची गरज कमी करा, मग उरलेल्या गरजेला पॅनल. आणि ज्याच्याकडे पॅनलचे पैसे नाहीत त्याच्यासाठी चुना आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीला चुन्याचे दोन हात दिले तर ऊन परत फेकलं जातं. पांढऱ्या चायना मोझॅकचं (टाइलच्या तुकड्यांच्या थराचं) कामही तेच, फक्त जास्त टिकाऊ. खानापूर भागात शेवाळानं गच्ची काळी पडते, तिथं चुना दर वर्षी द्यावा लागेल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुमचं वाचून माझा आराखडा बदलला. फळ्यावरचा वर्ग फक्त पहिल्या दिवशी: सूर्य, वारा, यू-व्हॅल्यू. पुढचं सगळं चालू साइटवर, मेस्त्री शिकवणार आणि मुलं हात लावणार. कागद मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही, कारण एका टोळीत दोन्ही बोलणारे असतात. प्रत्येक गटाकडे एक खानापूरकडचं आणि एक अथणीकडचं घर, उन्हाळा आणि पावसाळा दोन्हींत मोजायचं. हजेरीचा प्रश्न सुटला नाही, त्यावर सुचवा.

---

नाना_निपाणीकर | रात्री १०:००

हजेरीचं मी सांगतो. निपाणीत माझ्या भाच्याचं घर चालू आहे, स्लॅब अजून पडायची आहे. टोळीची अर्ध्या दिवसाची हजेरी आम्ही देतो. फक्त नैऋत्येला हात लावू नका.

---

मेस्त्री_वडगाव | रात्री १०:०८

नाना, स्लॅब पडायची आहे तर फिलर स्लॅब दाखवूया की. खालच्या बाजूला कौलं घालायची, तेवढं काँक्रीट वाचतं. पण सळीचं अंतर इंजिनिअरनं काढून सही केलेलं पाहिजे, अंदाजानं मी करणार नाही.

---

सई_शहापूर | रात्री १०:१५

डिझाइन मी आणि आमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर बघून देतो. नाना, भाच्याला सांगून नकाशा आणि सॉइल रिपोर्ट पाठवा. आणि स्पष्ट सांगते, कौलांनी काँक्रीट वाचेल, उष्णता मात्र जराशीच कमी होईल. वर इंचभर बोर्ड किंवा पांढरं मोझॅक घ्यावंच लागेल.

---

खानापूरची_कौलं | रात्री १०:२१

कौलं मी बघते. किती लागतील ते कळवा, जुन्या घरांची उतरवलेली चांगली कौलं आमच्या भागात मिळतात. नवीन कशाला?

---

प्रश्नचिन्ह_सिव्हिल | रात्री १०:३०

सर, आमच्या वर्गातले सहाजण तयार आहेत. आईला विचारलं. ती म्हणाली स्वयंपाकघराच्या वरच्या स्लॅबला आधी चुना द्या, मग बाकीच्यांचं बघा. थर्मामीटर कुठून घ्यायचे?

---

वेणुग्रामी | रात्री १०:४२

थर्मामीटर कॉलेजच्या लॅबमधून सही करून घेऊ. तुमच्या गच्चीवर अर्ध्या भागाला चुना द्यायचा, अर्धा तसाच ठेवायचा, आणि दोन्हींच्या खाली छताला चिकटवून मोजायचं. आईंना सांग, स्वयंपाकघर चुन्याच्या अर्ध्यातच येईल. नाना, नकाशा उद्यापर्यंत पाठवा.